साडेतेरा हजारांचे कोटेशन आणि बत्तीस हजारांचा खर्च

ठाण्याच्या नौपाड्यातील आमची तीन मजली, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती आणि विकासकाने त्यासाठी 31 मे 2025 ही तारीख दिली होती. माझे यजमान बेलापूरला नोकरीला असल्यामुळे आम्ही खारघरमध्ये भाड्याने सदनिका घेतली आणि बारा बिऱ्हाडांपैकी सर्वांत आधी, 11 मे रोजी, आम्ही निघालो. मी एका पतसंस्थेत अंतर्गत लेखापरीक्षणाचे काम करते. दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल पेनाने खुणा करणे हा माझा रोजचा उद्योग आहे. तरीही सामान हलवणाऱ्या एका कंपनीने साडेतेरा हजारांत ठरलेल्या कामाचे माझ्याकडून बत्तीस हजार रुपये घेतले. ते कसे घेतले हे क्रमाने लिहीत आहे, कारण ठाण्यात पुनर्विकासाला निघालेल्या इमारती आज गल्लोगल्ली आहेत आणि महिनाअखेरीस घर रिकामे करण्याची घाई असलेली माणसे या व्यवसायातील लबाडांना फार सोयीची असतात.

सुरुवात माझ्याच चुकीने झाली. पॅकर्स अँड मूव्हर्सचे दर एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावर मी फोन क्रमांक, घराचा आकार आणि तारीख भरली, आणि पुढच्या पाऊण तासात मला नऊ फोन आले. त्यांतील दोघांनी आधी घर बघायला माणूस पाठवतो असे सांगितले. दोन्ही माणसे आली, त्यांनी माळा उघडून पाहिला, जिन्याची रुंदी पाहिली, चौदा फुटी टेम्पो लागेल असे सांगितले आणि एकाने एकवीस हजार अधिक जीएसटी, तर दुसऱ्याने जीएसटीसह साडेतेवीस हजार असा दर लेखी दिला. तिसऱ्याने मात्र घर पाहण्याचा आग्रह धरला नाही. ‘वन बीएचके की टू बीएचके? मजला कितवा? बस, मॅडम, एवढं पुरे आहे,’ असे म्हणून त्याने साडेतेरा हजार सांगितले आणि ‘सगळं त्यात आलं’ हे वाक्य तीन वेळा उच्चारले. ज्याने घर पाहिलेच नाही, त्याच्या ‘सगळं’मध्ये नेमके काय येते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला फक्त वाचणारे दहा हजार रुपये दिसत होते.

त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेले कोटेशन आजही माझ्याकडे आहे. त्यावर रंगीत बोधचिन्ह, एका ट्रकचे चित्र आणि खाली ‘नौपाडा ते खारघर, टू बीएचके, रु. 13,500/-, नियम व अटी लागू’ एवढाच मजकूर आहे. टेम्पो किती फुटी, हमाल किती, पुठ्ठ्याची खोकी आणि बबल रॅप कोणाच्या खर्चाने, पलंग खोलून पुन्हा जोडून देणार की नाही, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. ज्या नियम व अटी लागू होत्या त्या मला कधीच दाखवण्यात आल्या नाहीत. तारीख पक्की करण्यासाठी मी दोन हजार रुपये यूपीआयने पाठवले, तेव्हा पैसे घेणाऱ्याचे म्हणून पडद्यावर कंपनीचे नव्हे तर एका व्यक्तीचे नाव दिसले. कार्यालयात असे एखादे व्हाउचर समोर आले असते तर मी ते निश्चित परत पाठवले असते.

ठरलेल्या रविवारी सकाळी नऊऐवजी साडेअकराला टेम्पो आला आणि तो चौदा फुटी नसून छोटा हत्ती होता. बरोबर चार हमाल आणि एक सुपरवायझर होता, ज्याला माझ्याशी फोनवर बोललेल्या माणसाचे नावसुद्धा ठाऊक नव्हते. पुढे मला कळले की फोनवर भाव ठरवणारा, टेम्पोवाला आणि हमाल आणणारा हे अनेकदा निरनिराळे असतात; भाव ठरवणारा आपला हिस्सा बयाण्यातून काढून बाजूला होतो आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याला उरलेल्या रकमेत ते परवडत नाही. ती तूट शेवटी घरमालकाकडूनच भरून काढली जाते. सामान बाहेर निघू लागले तसे सुपरवायझरचे उसासेही वाढले. घरघंटी पाहून तो म्हणाला, ‘ही सांगितली नव्हती.’ माळ्यावरची पितळेची भांडी, सासूबाईंचे स्टीलचे पिंप, गाद्या, देव्हारा, प्रत्येक वस्तूला त्याचे हेच उत्तर होते. खरे तर मला कोणी काही विचारलेच नव्हते. दुपारी एकच्या सुमारास पहिला टेम्पो गच्च भरला आणि निम्मे घर तसेच उरले, तेव्हा त्याने परस्पर दुसरा छोटा हत्ती बोलावला. त्याचे किती, असे यजमानांनी विचारले असता ‘बघून घेऊ, साहेब, आधी काम होऊ द्या’ असे उत्तर मिळाले. या सात शब्दांत सगळी फसवणूक होती, असे मला आता वाटते.

त्याच गडबडीत त्याने माझ्यापुढे एक छापील कागद धरला. वस्तूंच्या यादीचे रकाने कोरे होते आणि खाली ‘मालाची घोषित किंमत’ अशी एक ओळ होती. ‘अंदाजे काहीतरी टाका, काकू, फॉर्मॅलिटी आहे,’ असे तो म्हणाला. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, कपाटे असा मनाशी हिशेब करून मी दोन लाख रुपये लिहिले आणि सही केली.

साडेचारला दोन्ही टेम्पो खारघरच्या सोसायटीच्या फाटकाशी पोहोचले. तेथे सामान चढवण्या-उतरवण्याची मुभा संध्याकाळी सहापर्यंतच होती, हे सुपरवायझरने सुरक्षारक्षकाकडून आधीच काढून घेतले होते. दोर सोडण्याआधी त्याने मला हाताने लिहिलेला हिशेब दिला. मूळ भाडे 13,500, दुसरा टेम्पो 6,000, तीन मजले जिन्याने उतरवल्याबद्दल माणशी व मजल्यागणिक दोनशेप्रमाणे 2,400, पॅकिंगचे साहित्य 3,200, पलंग व कपाट खोलणे 1,800, एसी काढणे 1,500, घोषित किमतीच्या तीन टक्के विमा 6,000, टोल व पार्किंग 600, म्हणजे एकूण 35,000. त्यावर अठरा टक्के जीएसटी 6,300. बयाणा वजा जाता 39,300 रुपये आधी द्यावेत, म्हणजे माल उतरवतो, नाहीतर टेम्पो गोदामात जातील आणि रोजचे भाडे वेगळे लागेल, असे त्याने अत्यंत शांतपणे सांगितले. आवाज चढवण्याची त्याला गरजच नव्हती. सासूबाई रिकाम्या घरात लादीवर चादर अंथरून बसल्या होत्या, त्यांची औषधे दुसऱ्या टेम्पोतल्या कुठल्यातरी खोक्यात होती आणि सहा वाजायला दीड तास उरला होता.

त्या हिशेबाकडे आता लेखापरीक्षकाच्या नजरेने पाहिले तर एकेक नोंद बोलकी आहे. तिसरा मजला आणि लिफ्ट नसणे या दोन्ही गोष्टी मी पहिल्याच फोनवर सांगितल्या होत्या, म्हणजे जिन्याची रक्कम मूळ दरातच यायला हवी होती. टोलची नोंद तर निखालस खोटी होती: टेम्पो कळवा, विटावा, दिघा या मार्गाने ठाणे-बेलापूर रस्त्यावर आले, यजमान स्कूटरवरून त्यांच्या मागेच होते आणि त्या वाटेवर टोलनाका लागत नाही. ऐरोली पुलावरून आले असते तरी एका फेरीचा टोल सहाशेच्या आसपासही गेला नसता. सर्वांत चलाख नोंद विम्याची होती. खरा मालवाहतूक विमा विमा कंपनी देते, त्यावर त्या कंपनीचे नाव, पॉलिसी क्रमांक आणि विमा रक्कम असते. मूव्हर्स मंडळी ‘तीन टक्के’ म्हणून जे घेतात ते पुष्कळदा त्यांचे स्वतःचेच जोखीम शुल्क असते, त्याला विमा म्हणतात इतकेच, आणि नुकसान झाले की कागदावरील बारीक अक्षरांतली ‘मालकाच्या जोखमीवर’ ही अट दाखवली जाते. ज्या आकड्याला फॉर्मॅलिटी म्हटले गेले, त्यानेच मला सहा हजारांचा खड्डा पाडला, आणि त्या सहा हजारांवर पुन्हा जीएसटी आकारला गेला.

वाटाघाटीत त्याने शेवटी जी सवलत देऊ केली ती आणखी एक सापळा होती. ‘रोख द्या, जीएसटी सोडतो,’ असे तो म्हणाला आणि उरलेल्या तेहतीस हजारांवरून तीस हजारांवर आला. यजमानांनी दोन एटीएममधून पैसे काढून आणले. मला त्या बदल्यात वहीतून फाडलेल्या कागदावर ‘मिळाले’ एवढा शब्द आणि न वाचता येणारी सही मिळाली. पतसंस्थेत अशा कच्च्या पावत्यांवर मी शेरे मारते आणि येथे ती घडी घालून पर्समध्ये ठेवली, हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु लिहिणे भाग आहे, कारण नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर हीच गोष्ट माझ्या आड आली.

घर लावताना टीव्हीच्या पडद्याला कोपऱ्यातून तडा गेलेला आढळला आणि देव्हाऱ्याचा कळस मोडला होता. सासूबाईंची पितळी समई ज्या खोक्यात होती ते खोके तर आलेच नाही, हे आम्हाला चार दिवसांनी कळले. खोक्यांवर क्रमांक नव्हते आणि किती नग चढवले याची नोंद नव्हती, त्यामुळे एक खोके कमी आहे हे आम्ही कोणाला सिद्ध करून दाखवणार होतो? फोनवर दोन दिवस ‘गोदामात बघतो’ असे उत्तर मिळाले आणि नंतर आमचे क्रमांक अडवले गेले.

मग मी ते काम केले जे आधी करायला हवे होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा व अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावरील क्रमांक मी मोजला तेव्हा तो चौदाच अक्षरांचा निघाला. क्रमांक बरोबर असता तरी जीएसटीच्या शासकीय पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकून पाहता येतो आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली आहे, हे दिसते. त्याला दोन मिनिटे पुरतात. कार्डावरील भिवंडीच्या गोदामाच्या पत्त्यावर मी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि ती तशीच परत आली. रस्ते मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार मालाच्या हानीबद्दल दावा लावायचा असेल तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून ते परत आलेले पाकीट मी जपून ठेवले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण समोरचा पक्षच सापडत नसल्याने तेथे समेट होण्यासारखे काही नव्हते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्कही नाही. माझी अडचण एवढीच की बत्तीस हजारांपैकी फक्त दोन हजारांचा पुरावा माझ्याकडे आहे. आमच्या परिचयाच्या एका वकिलांनी सांगितले की ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे उकळण्यासाठी माल अडवून धरला जात असेल तर त्याच क्षणी 112 वर फोन करायला हवा होता, कारण टेम्पो, त्याचा क्रमांक आणि माणसे तेव्हा समोर होती. आम्ही टेम्पोच्या क्रमांकाचे छायाचित्रसुद्धा घेतले नव्हते.

नौपाड्यातील शेजाऱ्यांना मी हे सगळे सांगितले, तेव्हा उरलेल्या अकरा बिऱ्हाडांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. माझ्याकडे घर बघून गेलेल्या, साडेतेवीस हजार सांगणाऱ्या माणसालाच त्यांनी बोलावले. त्याने प्रत्येक घर पाहिले, घरटी दर वेगवेगळा दिला, आणि टेम्पोचे फूट, हमालांची संख्या, जिना, पॅकिंग, खोलणे-जोडणे व जीएसटी हे सर्व धरून रक्कम लिहिली. जे त्यात धरलेले नाही त्याचाही स्पष्ट उल्लेख केला. एसी काढण्याचे त्याने धरले नव्हते आणि ते त्याने आधीच सांगितले. बयाणा कंपनीच्या चालू खात्यात गेला, खोक्यांवर मार्करने क्रमांक पडले, चढवताना आणि उतरवताना नग मोजून दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, आणि दहा टक्के रक्कम सामान घरात लागल्यावर देण्याचे ठरले. दुसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी छापील यादीवर विश्वास न ठेवता स्वतःच्या हस्ताक्षरात खाली दोन ओळी वाढवल्या, ‘घरघंटी नग 1, तुळशीवृंदावन नग 1, मातीसह’, आणि कंपनीच्या मालकाची सही त्या ओळींखाली घेतल्याशिवाय त्यांनी पहिले खोके जिन्यावरून खाली जाऊ दिले नाही.