आई, बिल्डिंग नको, पिक्चर बघ!

मी जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. तीस वर्षं उलटलेल्या सोसायटीत जायचं, जिन्याखालच्या ओलीत उभं राहून कॉलम टोकून बघायचे, पोपडे काढून आतली गंजलेली सळई सेक्रेटरींना दाखवायची आणि "मॅडम, थोड्या रिपेअरमध्ये नाही का भागणार?" हे ऐकून घ्यायचं. त्यामुळे अवाढव्य जनावरांचे सिनेमे बघताना माझं लक्ष जनावराकडे कमी आणि ते कशावर पाय देतंय तिकडे जास्त असतं. सातवीतला माझा मुलगा याला भयंकर वैतागतो. मागच्या दोनेक वर्षांत आम्ही मायलेकांनी असे बरेच सिनेमे पाहिले, त्यांचा हा हिशेब.

सुरुवात 'गॉडझिला एक्स काँग: द न्यू एम्पायर'पासून, कारण तिकिटाला सगळ्यात जास्त पैसे त्याच्यापायी गेले. थ्रीडीचा चष्मा आधीच्या शोमधल्या कुणाच्या तरी पॉपकॉर्नच्या बोटांनी इतका बरबटला होता, की पहिली पंधरा मिनिटं मी ओढणीने काचाच पुसत होते. सिनेमा मजेशीर आहे, नाही म्हणत नाही. काँग या अवाढव्य वानराचा दात दुखतो, तर जनावरांचा डॉक्टर येऊन नवा बसवून देतो. गॉडझिला, म्हणजे तो राक्षसी सरडा, रोमच्या कलोसियममध्ये अंगाचं मुटकुळं करून झोपतो, ते तर मला फार गोड वाटलं. आमच्या गेटवरचा कुत्रा पार्किंगमध्ये झोपतो अगदी तसंच.

पण मग पिरॅमिडपाशी दोघांची कुस्ती लागते, आणि तिथे माझं गाडं अडलं. हा गॉडझिला जवळपास १२० मीटर उंच, म्हणजे आपल्याकडचा चाळीस मजली टॉवर. तो धावतो! शंभर मीटरच्या शर्यतीत धावावं तसा! पुढे रिओमध्ये इमारती मोडतात त्या मारी बिस्किटासारख्या, कडा कोरकोरीत. एकही सळई लोंबताना दिसत नाही. आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, असं मरत नाही हो. काँक्रीट फुटतं, पण लोखंड धरून ठेवतं, स्लॅब वाकून लटकत राहतो, आणि राबिट उचलायला पुढे कितीतरी दिवस जातात. मी हे पुटपुटले तेव्हाच शीर्षकातलं वाक्य माझ्या कानात पडलं.

'गॉडझिला मायनस वन' मात्र आम्ही घरीच टीव्हीवर पाहिला, रविवारी दुपारी, पडदे लावून. ताकाशी यामाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा हा २०२३ चा सिनेमा. त्यांचा खर्च दीड कोटी डॉलरच्याही आत होता आणि इफेक्ट्सचे ६१० शॉट्स जेमतेम ३५ जणांनी केले. तरीही २०२४ चं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर यांनीच नेलं. का नेलं ते टोकियोतल्या गिन्झा भागातल्या प्रसंगात कळतं.

काळ १९४७ चा. युद्धात बेचिराख झालेलं टोकियो आत्ता कुठे उभं राहतंय आणि त्यात हा येतो. उंची फक्त ५० मीटर. फक्त म्हणजे काँगवाल्याच्या निम्म्याहून कमी. पण त्या काळी टोकियोत ३१ मीटरच्या वर इमारत बांधायला सहसा परवानगीच नसे. त्यामुळे रस्त्यातून कुठूनही मान वर केली की छपरांच्या वर त्याचं डोकं दिसतं. एका गच्चीवर रेडिओची माणसं उभी राहून आँखों देखा हाल सांगत असतात. तो शेजारून जातो आणि पायाखालची अख्खी इमारत बसते. माणसं बोलता बोलता खाली जातात. मी तो प्रसंग मागे घेऊन तीनदा पाहिला. इमारत बसताना क्षणभर वाटतं, की काही झालंच नाही; मग एकदम सगळं सुटतं. हा क्षणभराचा उशीर ज्याने ठेवला त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मग तो ज्वाळा सोडतो. पाठीवरचे काटे शेपटीकडून एकेक करून खट्, खट् करत वर येतात, थांबतात, आणि एकदम आत जातात. स्फोटानंतर वारा आधी सगळं बाहेर उधळतो आणि मग तितक्याच जोरात मागे ओढतो. शेवटी काळा पाऊस. हिरोशिमाचं नाव न घेता जे सांगायचं ते सांगून झालेलं असतं. मुलगा गप्प बसला होता. त्याने माझा हात धरला होता, हे त्याच्या मित्रांना कळू नये अशी अट आहे.

मुळात सगळा खेळ वजनाचा आहे. १९५४ च्या मूळ सिनेमात रबराच्या जड पोशाखात माणूस घालून त्याला लहान लहान इमारतींतून चालवलं होतं. इमारती साधारण पंचविसाव्या हिश्शाच्या. म्हणजे तिथले दोन मीटर पडद्यावर पन्नास वाटायला हवेत. पण दोन मीटरवरून वस्तू पडायला ०.६४ सेकंद लागतात, पन्नास मीटरवरून ३.२, म्हणजे बरोबर पाचपट. म्हणून शूटिंग करताना कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने पळवायची आणि दाखवताना नेहमीच्या वेगाने, की पडद्यावर सगळं संथ होतं. मग खेळण्यातली भिंतसुद्धा टनावारी वजनाची वाटते. संगणकाला ही सक्ती नाही, तो चाळीस मजली जनावरालाही माकडउड्या मारायला लावतो. तिथेच भीती संपते.

'जुरासिक वर्ल्ड: रिबर्थ'च्या दिग्दर्शकाला, गॅरेथ एडवर्ड्सला, हे गणित ठाऊक आहे, २०१४ चा हॉलिवूडचा गॉडझिला त्याचाच. नदीकाठी टी-रेक्स डायनासोर झोपलेला आणि शेजारी एक कुटुंब रबरी होडीत हवा भरतंय, एवढ्याच प्रसंगासाठी तिकीट वसूल. बाकी कथा विसरण्यासारखी. आणि सुरुवातीलाच चॉकलेटच्या एका कागदामुळे प्रयोगशाळेच्या दाराची यंत्रणा बंद पडते! माझ्या ऑडिटमध्ये असली लॅब आली तर मी पहिल्याच पानावर लाल शेरा मारीन.

मारामारीचा म्हणाल तर 'किल'. हा मी एकटीने पाहिला, मुलांसाठी अजिबात नाही. निखिल नागेश भट यांचा सिनेमा, दिल्लीकडे निघालेल्या गाडीत घडणारा. डोंबिवलीहून रोज सकाळी लोकल पकडणाऱ्या बाईला त्यातली एक गोष्ट लगेच पटते: डब्यात हात फिरवायला जागाच नसते. ठोसा मारायला खांदा मागे घेतला की मागे बर्थ. म्हणून सगळं कोपराने, गुडघ्याने, पडद्याला आणि दाराला धरून चालतं. रक्त मात्र गरजेपेक्षा बरंच जास्त. मध्यंतरानंतर मी चहा करायला उठले ते जरा मुद्दामच.

आणि 'मुंज्या'. दिग्दर्शक आपले आदित्य सरपोतदार, ज्यांनी 'झोंबिवली'त आमच्या डोंबिवलीचीच वाट लावली होती. इथे कोकण, पिंपळ, आजी म्हणून सुहास जोशी. सगळं ओळखीचं. भूत मात्र संगणकातलं, हलकं, टुणटुणीत. खांद्यावर बसतं तरी खांदा झुकत नाही. माझी आजी मुंज्याची गोष्ट सांगायची तेव्हा त्याला रूपच नसायचं, नुसता पिंपळ सळसळायचा, आणि रात्री परसात जायची आमची टाप नव्हती. मुलगा मात्र खदखदून हसला. त्याला पाच तारे, माझे अडीच, तेही आजीमुळे.

परवा त्याने 'मायनस वन' पुन्हा लावला. गच्चीचा प्रसंग आला तसा स्वतःच थांबवला, टीव्हीला नाक लावलं आणि म्हणाला, "आई, यात सळया कुठायत?" आम्ही दोघांनी एकेक फ्रेम पुढे ढकलत पाहिलं. धूळच इतकी, की काही दिसेना. त्याचं दूध मात्र गार झालं.