क्वारंटाईन केलेले मरीन मासे घेताय? माझे साडेअकरा हजार असे गेले

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्या, आणि खास करून मुंबईबाहेर राहून ते पार्सलने मागवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मी कोल्हापूरला एक पावडर ब्लू टँग आणि मरून क्लाउनफिशची जोडी मागवली. त्याने पैसे घेतले ते महिनाभर क्वारंटाईन केलेल्या, म्हणजे रोग मुख्य टाकीत येऊ नये म्हणून वेगळ्या टाकीत औषधात ठेवलेल्या माशांचे. पाठवले ते परदेशातून नुकतेच उतरलेले, खोकाही नीट न उघडलेले मासे. आणि ज्याला तो जोडी म्हणत होता ती जोडी नव्हतीच.

त्याचं बोलणं अगदी पटण्यासारखं होतं. कॉपर (परजीवी मारायचं तांब्याचं औषध) किती ठेवता, हे मी विचारलं. ‘अडीच पीपीएम, ताई, पूर्ण तीस दिवस. मग प्राझी.’ प्राझी म्हणजे प्राझिक्वांटेल, जंतांवरचं औषध. उत्तर बरोबर होतं. टँग खातो का, विचारलं तर नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओरबाडून खाणाऱ्या टँगचा व्हिडिओ आला. माझ्या सहा फुटी टाकीत आधीपासून एक सेलफिन टँग आहे, म्हणून भांडणाचं विचारलं. ‘आमच्याकडे सेलफिनबरोबरच होता, काही करत नाही. तुम्ही डायरेक्ट मेन टँकमध्ये सोडा.’ साध्या माशाच्या जवळपास दीडपट भाव होता. पण खरंच महिनाभर औषधात ठेवून, खायला शिकवून मासा कोणी देत असेल तर तो भाव मला आजही योग्य वाटतो. त्या मेहनतीची किंमत असतेच. पैसे यूपीआयने आगाऊ दिले.

थर्माकोलचं खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलं. उघडताना व्हिडिओ करायची माझी पद्धत आहे, कारण मासा मेलेला निघाला तर बहुतेक विक्रेते बंद पिशवीचा व्हिडिओ मागतात. बाहेरची पिशवी कोरी करकरीत, त्यावर विक्रेत्याचं लेबल. आत दुसरी पिशवी. तिला वेगळ्याच रंगाचे रबर घट्ट गुंडाळलेले, आणि पाण्याने अर्धवट निघालेला एक लहानसा स्टिकर: इंग्रजीत माशाचं नाव, खोक्याचा नंबर आणि पॅकिंगची तारीख. तारीख दोन दिवसांपूर्वीची. तिन्ही पिशव्यांवर तेच. पाणी जेमतेम मासा बुडेल इतकं, पिवळसर, आणि पिशवी फोडताच उग्र वास. मुंबई ते कोल्हापूर एका रात्रीच्या प्रवासात पाण्याची अशी दशा होत नाही. टँगचं पोट आत गेलेलं होतं. निर्यातीआधी माशांना उपाशी ठेवतात, म्हणजे पाणी कमी घाण होतं. त्यामुळे दोन-तीन दिवस पोटात काही नसलेला मासा लगेच ओळखू येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवला. ‘जुन्या पिशव्या परत वापरतो, ताई.’ परत वापरलेल्या पिशवीवर परवाची तारीख कशी, याला उत्तर नाही.

पाण्याची खारटपणाची मात्राही खोटी सांगितली होती. तो १.०२५ (पाण्याची सापेक्ष घनता) म्हणाला होता, मी वेगळी क्वारंटाईन टाकी त्याप्रमाणे तयार ठेवली होती. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) पिशवीतलं पाणी भरलं १.०१९. मीठ वाचतं आणि परजीवी थोडे दबतात, म्हणून काही ठिकाणी पाणी असं पातळ ठेवतात. पण माशाला पातळ पाण्यातून एकदम खारट पाण्यात टाकलं तर त्याच्या शरीरातलं पाणी ओढलं जातं. उलट दिशेने तो बराच सहन करतो. आणि थेंब-थेंब पाणी घालत तासभर थांबायचीही सोय नव्हती. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. मी क्वारंटाईन टाकीतलं चौथा हिस्सा पाणी काढून आरओचं पाणी ओतलं, मात्रा पिशवीइतकी आणली आणि मासे लगेच हलवले. विक्रेत्याने खरा आकडा सांगितला असता तर ही धावपळ माशांच्या वाट्याला आली नसती.

आता जोडीचं. क्लाउनफिश आधी नर असतात. गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो आणि मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. म्हणून खऱ्या जोडीत मादी उघड उघड मोठी, नर लहान, आणि मादी जवळ आली की नर अंग थरथरवून शरण जातो. मरूनमध्ये तर हा फरक फारच मोठा असतो, आणि क्लाउनफिशमध्ये सगळ्यांत भांडखोर जात हीच. विक्रेत्याच्या फोटोत एक मासा पुढे, एक मागे, त्यामुळे मागचा लहान दिसत होता. माझ्या टाकीत उतरले ते जवळपास एकाच मापाचे, पूर्ण वाढलेले दोन मासे. दोन माद्या. सोडल्यावर थोड्याच वेळात दोघी तोंडात तोंड अडकवून गरगर फिरायला लागल्या. मरूनच्या गालावर काटा असतो, त्याने कल्ल्याजवळचं कातडं फाटतं. मधे एगक्रेटची (प्लॅस्टिकच्या चौकोनी भोकांची) जाळी घालून वेगळ्या केल्या, दोन्हीकडे पीव्हीसी पाइपचे तुकडे टाकले, तोवर एकीचा शेपटीचा पर निम्मा गेला होता. तिच्या जखमा पुढे चिघळल्या आणि ती गेली.

‘आमच्याकडे एकत्र होते, भांडत नव्हते’ या वाक्यावर कोणीही विसंबू नये. दुकानाच्या टाकीत मासे दाटीने भरलेले, घाबरलेले, उपाशी असतात. कुणाचीही स्वतःची जागा ठरलेली नसते. घरी जागा मिळाली, पोट भरलं की स्वभाव बाहेर येतो. टँगच्या बाबतीत तर शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखी धार असते आणि दोन टँग एकमेकांना तिने फाडतात. भांडखोर मासा शेवटी आणावा. आणल्यावर आधी भोकं असलेल्या पारदर्शक डब्यात मुख्य टाकीतच काही दिवस ठेवावा, म्हणजे जुना मासा त्याला बघून दमतो. काचेला बाहेरून आरसा लावला तरी जुन्याचा राग तिकडे वळतो. दगडांची मांडणी बदलली की जुन्याचाही हक्क मोडतो. माझा टँग तिथवर पोचलाच नाही.

तो क्वारंटाईन टाकीतल्या पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) धारेत तोंड घालून उभा राहायला लागला. श्वास जोरात, दिवा लावला की कोपऱ्यात. टॉर्च तिरकी मारून पाहिलं तर अंगावर पिठासारखी बारीक सोनेरी धूळ. हा व्हेल्व्हेट, म्हणजे अॅमिलूडिनियम या परजीवीचा रोग. इच या दुसऱ्या परजीवी रोगाचे पांढरे दाणे मिठाच्या खड्यासारखे सुटे मोजता येतात, व्हेल्व्हेटची धूळ मोजता येत नाही, आणि बऱ्याचदा ती दिसायच्या आधीच कल्ले खराब झालेले असतात. कॉपर चढवायला घेतलं होतं, पण ते एकदम पूर्ण मात्रेला नेता येत नाही. मात्रा पुरी व्हायच्या आत टँग मेला. महिनाभर अडीच पीपीएम कॉपरमधून निघालेल्या माशावर आठवड्याच्या आत व्हेल्व्हेट फुटत नाही. एवढ्यावरच त्याचं खोटं सिद्ध होतं. उरलेली मरून पूर्ण कॉपर घेऊन वाचली. मुख्य टाकीला काही झालं नाही, कारण क्वारंटाईन टाकी दुसऱ्या खोलीत आहे आणि तिची जाळी, बादली, नळी सगळं वेगळं.

त्याचं ऐकून मासे थेट आत सोडले असते तर काय झालं असतं, याचा विचार करा. मुख्य टाकीत कॉपर घालता येत नाही. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळं मरतं, आणि दगड-वाळू कॉपर शोषून बसतात. मग सगळे मासे बाहेर काढून टाकी बिनमाशांची ठेवणं एवढाच उपाय राहतो. इचच्या बाबतीत त्याचे कोष फार काळ तग धरतात, म्हणून साधारणपणे ७६ दिवस. एका खोटारड्या वाक्याने वर्षानुवर्षं जमवलेली टाकी रिकामी होते.

नंतर हैदराबादच्या एका ओळखीच्या मासेप्रेमीला तो नोरीचा व्हिडिओ दाखवला. त्यांना हाच व्हिडिओ याच विक्रेत्याने कित्येक महिने आधी पाठवला होता. म्हणून व्हिडिओ मागाल तर त्याच दिवशीचा मागा, माशाशेजारी कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून. कॉपर चेकरचा आकडा टाकीशेजारी धरून दाखवायला सांगा. शक्य असेल तर पिशवीतल्या पाण्याचीही कॉपर टेस्ट करा. काही विक्रेते अर्धवट कॉपर ठेवतात, त्यात रोग मरत नाही, फक्त विकेपर्यंत दिसत नाही. आणि क्लाउनफिश हवे असतील तर हॅचरीत वाढवलेली लहान पिल्लं घ्या. सीएमएफआरआय या सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तामिळनाडूतल्या मंडपम केंद्राने ही पैदास आपल्याकडे कधीच जमवली आहे. लहानपणी एकत्र वाढले की त्यांची जोडी आपोआप ठरते.

विक्रेत्याने आता मला ब्लॉक केलंय. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकतेय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पिशव्या धुवून, वाळवून, स्टिकरसकट ठेवल्या आहेत, चॅट आणि व्हिडिओची प्रत वेगळी काढली आहे. ‘क्वारंटाईन केलेले’ म्हणून कोणी तुम्हालाही असेच मासे पाठवले असतील तर आतली पिशवी फेकण्याआधी तिच्यावरची तारीख बघा आणि फोटो काढून ठेवा.