कर्करोगाच्या उपचारांत सोबत करणाऱ्या सिस्टर

आईच्या स्तनाच्या कर्करोगावर कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात उपचार झाले, तेव्हा तेथील नर्स नॅव्हिगेटर, म्हणजे रुग्णाला उपचारांची वाट दाखवणाऱ्या, सिस्टरांनी बायोप्सीच्या अहवालापासून महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीपर्यंत प्रत्येक टप्पा समजावून दिला. डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये रुग्णांना अशी सोबत देणे सुरू केले होते. केमोनंतर रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो, म्हणून सिस्टरांनी आईच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिले, ‘मावशी, ताप १००.४ वर गेला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच फोन करा.’ गडहिंग्लजहून एसटीने येणाऱ्या आईला त्या ओळीचा फार आधार वाटे. रविवारी मात्र ही सेवा बंद असते, आणि आईला ताप रविवारीच आला. ही उणीव मला गंभीर वाटते.