एफइटीसाठी (आयव्हीएफमधला गोठवलेला भ्रूण गर्भाशयात सोडणं) प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं : माझा अनुभव

प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भ टिकायला मदत करणारं हार्मोन. आधीच सांगते, इंजेक्शन दुखतं. तेल घट्ट असतं, त्यामुळे सुई जाड लागते आणि औषध आत जायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी तिथे गाठ हाताला लागते. आमच्या नर्सताईंनी शिकवलं की अँप्युल (औषधाची काचेची छोटी कुपी) आधी तळहातात धरून कोमट करायचं, बाजू रोज बदलायची, नंतर चोळून गरम शेक द्यायचा, याने खरंच खूप फरक पडला.

मग प्रोजेस्टेरॉनच्या व्हजायनल (योनीत ठेवायच्या) कॅप्सूल का नाही घेतल्या? माझी सायकल पूर्ण औषधांवरची होती, आधी एस्ट्राडिओल या हार्मोनच्या 2 एमजीच्या गोळ्या, गर्भाशयाचं अस्तर 7 मिमीच्या वर गेल्यावर प्रोजेस्टेरॉन सुरू. अशा सायकलमध्ये ओव्ह्युलेशन (अंडाशयातून बीज बाहेर पडणं) होत नाही म्हणजे शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवतच नाही, सगळी भिस्त बाहेरच्या औषधावर! अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचे आकडे 2021 ला आले, त्यात नुसतं व्हजायनल घेणाऱ्यांत लाइव्ह बर्थ (जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण) 27%, रोज इंजेक्शनवाल्यांत 44% आणि व्हजायनलसोबत दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन घेणाऱ्यांत 46%. हा तिसरा पर्याय डॉक्टरांना नक्की विचारा गं, सुया कितीतरी कमी होतात. कॅप्सूलचा डिस्चार्ज मात्र वैताग आणतो, लायनर लागतंच.

आणि प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मनाने बंद करू नका, प्लासेंटा (वार) प्रोजेस्टेरॉन बनवायचं काम हातात घेईपर्यंत, म्हणजे गरोदरपणाच्या साधारण 10-12 आठवड्यांपर्यंत, औषध चालू ठेवतात. शेंगदाणा किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असेल तर कोणतं तेल आहे ते लेबलवर बघून घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार.