गुल्लक, स्कॅम की चर्नोबिल? भांडुप स्लोमधून एक सल्ला

मावसबहिणीचा मेसेज आला: "ताई, एकाच महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतेय. सासूबाई घरी, टीव्ही एकच, ह्यांची शिफ्ट. काय बघू?" गेल्या महिन्यात मी तीन मालिका संपवल्या आणि चौथी अर्ध्यात सोडली. त्यातलं निम्मंअधिक भांडुप-सीएसएमटी स्लोच्या लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर अर्धी टेकून. म्हणून मी तिला उलट विचारलं, तू बघणार कुठे आणि शेजारी कोण असणार?

सासूबाई शेजारी असतील तर 'गुल्लक'. उत्तरेतल्या एका लहान शहरातलं मिश्रांचं घर, वीज खात्यात नोकरी करणारे वडील, दोन मुलगे, आणि गोष्ट सांगतोय तो घरातला गल्ला. पहिला सीझन २०१९चा, आणि मी पाहिलेल्या चारही सीझनचे भाग पाच-पाचच. एक भाग साधारण अर्ध्या तासाचा, म्हणजे विक्रोळीला सुरू केला की भायखळा यायच्या आत संपतो. आईची भूमिका गीतांजली कुलकर्णींची. आमच्या आईने त्यांना 'कोर्ट' चित्रपटातल्या सरकारी वकील म्हणून लगेच ओळखलं आणि पुढे प्रत्येक भागात "ही आपलीच आहे हो" असं बाबांना सांगत राहिली. चिमटा, टोमणा, शेजारच्या बिट्टूच्या मम्मीचं न बोलावता येणं, सगळं आपल्या चाळीतलंच. मात्र सलग बघू नका. तिसऱ्या सीझनपासून प्रत्येक भागाच्या शेवटी डोळे ओले करायचा हिशेब कळायला लागतो आणि मग मजा जाते.

'स्कॅम १९९२'ची गोष्ट वेगळी, कारण माझं ऑफिस फोर्टात आहे. दुपारी डबा खाऊन चक्कर मारायला निघालं की शेअर बाजाराची इमारत समोर येतेच, आणि हल्ली ती दिसली की मालिकेची अचिंत ठक्करने केलेली धून आपोआप डोक्यात वाजते. शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची हंसल मेहतांची ही २०२०ची मालिका, दहा भाग, एकेक जवळपास पाऊण ते एक तासाचा. माझ्या प्रवासाच्या मापाचा.

यातली खरी गंमत शेअरच्या भावांत नाही, बँकांच्या कागदांत आहे. बँक रिसीट म्हणजे काय ते मला दोन भाग बघूनही कळेना. शेवटी बाबांनी टीव्ही थांबवला. म्हणाले, "गिरणीत दळण टाकलंस की तो चिठ्ठी देतो ना? आता समज, डबा ठेवलाच नाही, तरी त्याने चिठ्ठी दिली. आणि ती दाखवून तू दुसरीकडून पैसे उचललेस." एवढंच. सरकारी रोख्यांचा पत्ता नसताना त्यांच्या पावत्यांचे कागद फिरत राहिले, बँकांचा पैसा बाजारात आला, आणि एसीसी या सिमेंट कंपनीसारखा शेअर दोनशेच्या आसपासून नऊ हजारांच्या घरात गेला. २३ एप्रिल १९९२ला पत्रकार सुचेता दलाल यांची या घोटाळ्याची बातमी छापून आली आणि तिथून घसरण. बाबांनीही तेव्हा एका कंपनीचे शेअर घेतले होते. ती कंपनी पुढे दिसेनाशी झाली. सर्टिफिकेटं अजून कपाटात आहेत, लग्नाच्या अल्बमखाली.

माझी तक्रार एकच: मालिका हर्षद मेहताच्या प्रेमात पडते. त्याची भूमिका करणारा प्रतीक गांधी इतका गोड हसतो की आपणही त्याच्या बाजूने टाळ्या वाजवतो, आणि पत्रकाराची बाजू मात्र फोन आणि फायलींत उरकली जाते. शेवटचे दोन-तीन भाग तर कोर्टकचेरीत रेंगाळतात. शिव्या बऱ्याच आहेत, सासूबाईंचं बघून घ्या.

'चर्नोबिल', म्हणजे सोव्हिएत काळातल्या अणुभट्टीच्या अपघातावरची मालिका, लोकलमध्ये बघू नका. हे मी भोगून सांगतेय. पाचच भाग, पण एकेक तासाच्या वर, त्यामुळे भांडुप आलं तरी संपत नाही. एकदा त्याच नादात नाहूरला उतरले आणि उलटी गाडी धरून परत आले. दुसऱ्यांदा तिसरा भाग चालू होता. उष्म्यामुळे खाणकामगार सगळे कपडे काढून बोगदा खणतात तो प्रसंग नेमका घाटकोपरच्या गर्दीत आला. शेजारच्या काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी "रशियातला अपघात आहे" म्हटलं, त्यांचा विश्वास बसला नाही. ते खरं तर युक्रेनमध्ये आहे, हे सांगायची ती वेळच नव्हती.

घरी, एकटीने, दार लावून बघितली तर मात्र तिघींत हीच सरस. २६ एप्रिल १९८६च्या रात्री अणुभट्टी क्रमांक ४ फुटते आणि वरिष्ठांना किरणोत्साराचा आकडा सांगितला जातो ३.६ रॉन्टजेन. का? तर त्या मीटरचा काटा त्यापुढे जातच नव्हता. इकडे गिरणीची चिठ्ठी, तिकडे अडकलेला काटा. कागदावरचं सगळ्यांना सोयीचं होतं. फरक इतकाच की इथे टाळ्या वाजवायला कुणी हर्षद नाही. एमिली वॉटसनचं पात्र अनेक शास्त्रज्ञांचं मिळून केलेलं आहे, आणि शेवटच्या खटल्यात दाखवलेले शास्त्रज्ञ लेगासोव्ह प्रत्यक्षात तिथे हजरच नव्हते. एवढं माहीत ठेवून बघा. चौथ्या भागात कुत्री मारायला पाठवलेल्या पोराचा प्रसंग आहे. घरात कुत्रं असेल तर तो पुढे ढकला.

अर्धी सोडलेली 'कोहरा'. दोष तिचा नाही. पंजाबी बरीच आहे, सबटायटल्स वाचावी लागतात, आणि उभ्याने, एका हाताने कडी धरून ते जमत नाही.

बहिणीला मी सांगितलं, सोनी लिव्ह घे. 'गुल्लक' आणि 'स्कॅम' दोन्ही एकाच पैशांत. 'गुल्लक' जेवताना सगळ्यांनी, 'स्कॅम' ह्यांना सुट्टी असेल तेव्हा दोघांनी. 'चर्नोबिल'साठी सासूबाई गावी जाईपर्यंत थांब. तिने उत्तर पाठवलं, "त्या मे महिन्यात जातात."