अठरा वर्षांनंतर : घर, कार्यशाळा की निवासी संस्था?

विशेष शाळेतला शेवटचा दिवस झाला आणि पुढच्या सोमवारी माझा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा नेहमीप्रमाणे साडेनऊला दप्तर पाठीला लावून दारात उभा राहिला. रिक्षा येणार नाही हे त्याला सांगून झाले होते, पण रिक्षा न येणे म्हणजे काय हे त्याला पुढचे तीन आठवडे रोज दारात उभे राहून कळले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अठरानंतर दिवस कसा भरायचा, हे मात्र बहुतेक घरांना स्वतःच ठरवावे लागते. परभणी, हिंगोली, बीड अशा जिल्ह्यांत स्वमग्न तरुणांचे जे पालक आता या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आपल्याकडे पालक एकत्र बसले की पहिला प्रश्न निघतो तो "आमच्या माघारी ह्याचं कसं व्हायचं?" हाच. प्रश्न खरा आहे, पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुधा विचारला जात नाही : उद्या सकाळी दहा वाजता मुलगा काय करणार? समोरच्या तीन वाटांपैकी प्रत्येक वाट यांतल्या एकाच प्रश्नाला नीट उत्तर देते. एकाच्या भीतीपोटी दुसऱ्याचे उत्तर निवडले की चूक होते, असे मला अनुभवाने वाटते.

घर आणि घरचा धंदा ही पहिली वाट. दहा वाजताच्या प्रश्नाला हिच्याइतके चांगले उत्तर दुसरे नाही, मात्र घरात खरे काम हवे. माझ्या मेव्हण्यांचे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान आहे. तिथे मुलगा सकाळी रिकामा बारदाना घडी करतो. वीस पोत्यांचा एक गठ्ठा, प्रत्येक पोत्याचा छाप एकाच बाजूला. एकोणीस किंवा एकवीस कधी होत नाहीत. सोयाबीनची आवक वाढली, हमालांचा ओरडा सुरू झाला की तो कानांवर हात ठेवतो, आणि तेव्हा त्याला मागच्या खोलीत बसू द्यायचे हे दुकानातल्या सगळ्यांना आता ठाऊक आहे. ओळखीच्या माणसांत ही जी समज हळूहळू तयार होते, ती पैसे देऊन मिळत नाही. शेतातही असेच : ठिबकच्या नळ्या तपासणे, शेळ्यांना ठरल्या वेळी पाणी दाखवणे, भाजीच्या जुड्या बांधणे. क्रम ठरलेला आणि शेवट डोळ्यांना दिसणारा असला की ते काम अनेक स्वमग्न तरुणांच्या हाताला बसते. या वाटेची उणीव एवढीच की ती आई-वडिलांच्या आणि मामा-काकांच्या तब्येतीवर उभी असते. जी घरे ऊसतोडीसाठी वर्षातले पाच-सहा महिने गाव सोडतात, त्यांच्यासाठी तर ही वाट अर्धीच आहे.

जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या ठिकाणी असलेली प्रौढांची कार्यशाळा ही दुसरी वाट. कागदी पिशव्या, पणत्या, फाइली, मसाल्याची पाकिटे अशी कामे तिथे असतात. घरापेक्षा तिचा मोठा फायदा हा की मुलाला आई-वडिलांशिवाय दुसऱ्या माणसाचे ऐकण्याची, रांगेत थांबण्याची, डबा स्वतः उघडून खाण्याची सवय राहते. गैरसोय अंतराची. रोज तासभर एसटीचा प्रवास, त्यात गर्दी आणि कर्णा, आणि सोबत एक मोठे माणूस. म्हणजे त्या माणसाचा रोजगारही बुडाला. शहरात राहणाऱ्या घराने ही वाट आधी पाहावी. तालुक्याच्या पलीकडे राहणाऱ्याने एवढ्यासाठी शहरात बिऱ्हाड करण्याची घाई करू नये.

निवासी संस्था ही तिसरी वाट, आणि माघारीच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी हीच एक. पण निर्णय इमारत पाहून होत नाही. रात्री किती जण जागे असतात, हे आधी विचारावे. स्वमग्न मुलांमध्ये फिट येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते आणि कित्येकांना ती वयात येताना सुरू होते, म्हणून रात्रीचे औषध कोण देतो आणि त्याची नोंद कुठे होते, हे डोळ्यांनी पाहावे. ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त भेटू देतात का, हेही विचारावे. आम्ही मुलाला एका संस्थेत आठ दिवसांसाठी ठेवले होते. तिसऱ्या दिवशी फोन आला की तो जेवत नाही, हट्टी आहे. जाऊन पाहिले तर ताटात रोज पोळी येत होती, आणि हा जन्मापासून ज्वारीची भाकरी खाणारा, तीही चतकोर करून दुधात कुस्करलेली. दाखल करताना आम्हांला कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही लिहून दिले नव्हते. त्यानंतर आम्ही त्याची दोन पानी माहिती तयार केली : काय खातो, कशाला घाबरतो, दुखते तेव्हा काय करतो. वाट कोणतीही घेतली तरी ही दोन पाने आधी लिहा.

पालकत्वाचा कागद तिन्ही वाटांना लागतो. मूल अठराचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. पुढे दोन पर्याय आहेत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे आई-वडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीला पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि हेळसांड झाल्यास त्याला दूर करण्याची तरतूद आहे. २०१६ च्या अधिनियमातले मर्यादित पालकत्व मात्र ठरावीक निर्णयापुरते व ठरावीक मुदतीपुरते असते, आणि त्यात दिव्यांग व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे, तिने आणि नेमलेल्या पालकाने मिळून निर्णय घ्यायचा असतो. जो तरुण बोलून, लिहून किंवा चित्र दाखवून आपली पसंती सांगू शकतो, त्याच्यासाठी मला दुसरा पर्याय अधिक न्याय्य वाटतो. ज्याच्या नावावर जमीन येणार आहे आणि ज्याला व्यवहार मुळीच समजत नाही, त्याच्यासाठी पहिला. सातबारावर नाव लावले म्हणजे सोय झाली असे समजू नये. जमीन नावावर करणे आणि ती कोण सांभाळणार हे ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) आणि राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना, ही दोन कामे याच फेऱ्यांत उरकून घ्यावीत.

घरातल्या घरात मतभेद होतात ते इथेच. आईला मुलगा नजरेसमोर हवा असतो, वडिलांना व्यवस्था हवी असते, आणि दोघेही धाकट्या बहिणीला न विचारता तिला पुढची पालक धरून चालतात. आम्हीही तसेच धरले होते. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "कागदावर माझं नाव लावा, पण दादा माझ्या सासरी राहणार असं गृहीत धरू नका." हे ऐकायला जड गेले, पण त्यामुळेच आमचा हिशेब खरा झाला. आणि ज्याच्याबद्दल हे सगळे चालले आहे त्यालाही विचारता येते. तीन ठिकाणचे फोटो त्याच्यापुढे ठेवा, प्रत्येक ठिकाणी काही दिवस घालवू द्या, आणि कोणत्या फोटोकडे हात जातो, कोणता फोटो तो उलटा करतो, हे पाहा.

आई-वडील पन्नाशीच्या आत असतील आणि घरात खरे काम असेल, तर मी घरची वाट सुचवेन, पण निवासी संस्थेची ओळख पहिल्या वर्षापासून ठेवून. एकटी आई किंवा आजारी वडील असतील, तर निवासी संस्थेचा शोध आजच सुरू करावा, कारण चांगल्या ठिकाणी जागा लवकर मिळत नाही आणि दुःखाच्या घाईत पोहोचलेला मुलगा तिथे रुळत नाही. आमचा मुलगा सध्या सकाळी मोंढ्यात जातो आणि दर महिन्यात दोन रात्री एका दुसऱ्या संस्थेत राहून येतो. जाताना पिशवीत तो स्वतः स्टीलचा पेला ठेवतो, आणि ती दोन पाने आम्ही ठेवतो.