मेंदीचं कुंपण कापायला मशीन घेताय? वायरवालं, बॅटरीवालं की पेट्रोलवालं

तळेगावला आमचं छोटं घर आहे, पुढून आणि डाव्या अंगाने मिळून साधारण १४० फूट मेंदी. मेंदी म्हणजे हाताला लावायची नाही हो, नर्सरीवाले कुंपणासाठी मेंदी म्हणून देतात ती बहुतेक वेळा कडू मेंदीच असते. चार फूट उंच, अडीच फूट रुंद. आमचे माळीमामा कात्रीने कापायचे तेव्हा दोन दिवस जायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा खांदा धरलेला असायचा, म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. आता तीनही प्रकार वापरून झालेत, हौसेने नाही, चुकत चुकत. तर जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

दुकानात गेलात की पहिलं ऐकू येतं वॅट किती, व्होल्ट किती, सीसी किती. ते सगळं नंतर. आधी घरी आपल्या कुंपणापाशी उभं राहून बघा की फांदी किती जाड आहे. वर्षात दहा वेळा कापत असाल तर नवी फूट पेन्सिलीएवढी असते आणि ती कुठलंही मशीन कापतं, अगदी स्वस्तातलंही. दोन वर्षं हात लावला नसेल तर आत करंगळीएवढ्या झालेल्या असतात, तिथे मशीन अडकतं. हे ठरतं पात्याच्या दोन दातांमधल्या अंतरावर. बॉशचं एएचएस ५०-१६ नावाचं मॉडेल आहे, त्यातला ५० म्हणजे पातं ५० सेंटीमीटर आणि १६ म्हणजे दातांमधलं अंतर १६ मिलिमीटर. सगळ्यांच्या नावात असं लिहिलेलं नसतं पण खोक्यावर कुठेतरी असतंच, शोधा. आणि १६ चं अंतर आहे म्हणजे १६ ची फांदी कापेल असं नाही, ओली फांदी १० ते १२ पर्यंत नीट कापते, त्यापुढे घास अडकल्यासारखं करतं. मोटर बिचारी घुंघुं करत बसते आणि आपण जोर लावतो, जो लावायचा नसतो.

आता झाडाचंही बघा. कडू मेंदी, दुरांता, कुंती यांना ट्रिमर, म्हणजे हेच मशीन, एकदम बेस्ट, बारीक पान, बारीक फांदी. जास्वंद किंवा अकॅलिफा असेल तर पानं मोठी, मशीन ती अर्धी अर्धी फाडतं आणि चार दिवसांनी कडा तपकिरी होऊन सगळं कुंपण आजारी दिसतं, तिथे छोटी कात्री घेऊन फांदी फांदी कापलेलीच बरी. बोगनवेल म्हणाल तर ट्रिमरने होते पण लांब काटेरी फांद्या पात्यावरून उडून तोंडावर येतात. आणि शेराचं कुंपण असेल, देशावर अजून बऱ्याच शेतांना आहे, तर त्याला मशीन अजिबात लावू नका, त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते आणि ट्रिमर तो चीक चहूकडे उडवतो. त्याला कोयता, तोही लांबून आणि चष्मा घालूनच.

मी पहिलं मशीन घेतलं ते पेट्रोलचं. का, तर दुकानदार म्हणाला साहेब पॉवर. साधंच, नाव नसलेलं, २२.५ सीसीचं टू स्ट्रोक, ६० सेंटीमीटरचं पातं दोन्ही बाजूने कापणारं. पॉवर होती यात वाद नाही, जुनी जाड फांदीही मागे हटत नव्हती आणि १४० फूट दीड तासात झालं. पण वजन पेट्रोलसकट सहा किलोच्या आसपास. सहा किलो उचलायला काही नाही, पिशवी म्हणून उचललं तर, पण छातीएवढ्या उंचीवर आडवं धरून दीड तास चालायचं म्हणजे काय ते एकदा करून बघा. माळीमामांनी पहिल्या दिवशी कौतुक केलं, दुसऱ्या वेळी हाताला मुंग्या येतात म्हणाले, तिसऱ्या वेळी बघतो तर मशीन शेडमध्ये आणि मामा परत कात्री घेऊन उभे. मला वाटलं त्यांना नवीन काही नकोच असतं. मग एका रविवारी मी स्वतः चालवलं आणि संध्याकाळी चहाचा कप धरताना बोटं थरथरत होती, तेव्हा कळलं.

खरी गंमत पुढे. आपल्याकडे मेंदी वाढते पावसात. जून ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी कापावी लागते, थंडीत तीन चार वेळा, आणि मार्च ते मे जवळजवळ नाहीच. म्हणजे मशीन तीन महिने नुसतं पडून. टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, आणि आता पंपावर मिळतं ते इथेनॉल घातलेलं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, कार्ब्युरेटरमध्ये चिकटा बसतो, आतला रबरी पडदा कडक होतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, मेंदी उसळली आणि मशीन दोरी ओढून ओढून खांदा निघाला तरी चालू होईना. मेकॅनिककडे दोन चकरा झाल्या. उपाय सोपा आहे, सीझन संपला की टाकी रिकामी करायची आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवून आतलं सगळं जाळून टाकायचं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात ऑइल मिसळायचं प्रमाण, कुठे १:२५ कुठे १:५०, मशीन आणि ऑइल बघून, जे पुस्तकात लिहिलंय तेच. आणि सुटं पेट्रोल आणणं हा वेगळाच ताप, बाटलीत द्यायला पंपवाले नाही म्हणतात, मग योग्य कॅन शोधा. आवाजाचं तर बोलायलाच नको, सकाळी आठच्या आत सुरू केलं तर शेजारचे काका गॅलरीत येऊन नुसते बघत उभे राहतात, बोलत काही नाहीत.

तरी पेट्रोलचं घेऊच नका असं नाही म्हणत. कर्जतकडे किंवा अलिबागला फार्महाऊस आहे, चारी बाजूंनी पाचशे सातशे फूट कुंपण आहे, जवळ प्लग नाही, तर दुसरं काय घेणार. फक्त एक गोष्ट, तुमच्याकडे गवत कापायचा ब्रश कटर आधीच असेल, शेतावर असतोच, तर वेगळं मशीन घेण्याआधी त्याच्या दांडीला लागणारं ट्रिमरचं तोंड मिळतं का बघा. बरंच स्वस्तात काम होतं आणि दांडी लांब असल्यामुळे आठ नऊ फूट उंचीपर्यंत शिडीशिवाय हात पोचतो. घेताना दांडीची जाडी २६ मिलिमीटर की २८ आणि आतल्या शाफ्टला दात ७ की ९ हे मोजून जा, नाहीतर घरी आणल्यावर बसत नाही. सगळ्यात बरं म्हणजे कटरची दांडीच गाडीत टाकून दुकानात न्या.

पेट्रोलवर चिडून मग वायरवालं आणलं. हे सगळ्यात स्वस्त, मी घेतलं तेव्हा चार-पाच हजारांपासून चांगली मिळत होती, वजन तीन किलोच्या आत, देखभाल जवळपास शून्य. ५०० वॅट म्हणजे सव्वादोन अँपिअरसुद्धा नाही, घरच्या मिक्सरएवढंच, त्यामुळे साध्या प्लगवर चालतं. जाड एक्स्टेंशन घ्या, दीड स्क्वेअर एमएमची, ३० मीटर लांब असली तरी चालते. मी पहिल्याच दिवशी काय केलं असेल ओळखा. बरोबर, वायर कापली. फट्ट आवाज आला आणि घरातली ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, पडली, ती होती म्हणून आज हे लिहितोय. तुमच्या घरात ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी नसेल तर वायरवालं मशीन घ्यायच्या आधी ती बसवून घ्या, मशीन दुय्यम. वायर खांद्यावरून पाठीमागे सोडायची आणि प्लगच्या बाजूने सुरुवात करून लांब लांब जायचं, उलट नाही. असं केल्यापासून परत कधी कापली नाही.

मग वायरवाल्यात वाईट काय? पाऊस. मेंदी वाढते कधी तर जुलै ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा लॉन ओलं, मेंदी ओली, एक्स्टेंशनचा जोड गवतात पडलेला. नको वाटतं. दोन दिवस उघडीप मिळाली की तिसऱ्या दिवशी कापू म्हणता म्हणता परत झड लागते आणि मेंदी पाच फुटांवर. शिवाय आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते आणि माळीमामांचा आमच्याकडचा वार नेमका गुरुवार. हा योगायोग आमच्यापुरता असेल, पण तुमच्या माळ्याचा वार आणि तुमचा लाइट जायचा वार दोन्ही एकदा ताडून बघा.

बॅटरीवालं मी सगळ्यात शेवटी घेतलं, कारण महाग वाटत होतं, आणि आहेच. पण दोन तास उघडीप मिळाली की मामा भिंतीवरून काढतात, बॅटरी खटकन बसवतात आणि सुरू. वायर ओढणं नाही, दोरी ओढणं नाही. पाऊस चालू असताना तेही वापरायचं नाहीच, बहुतेक मशीन पावसासाठी केलेली नसतात आणि ओलं पान नीट कापलंही जात नाही, पण जमिनीवर २३० व्होल्टची वायर नाही हे डोक्यातलं ओझं जातं. आमच्याकडे १८ व्होल्टचं आहे. एका २ एएचच्या (अँपिअर अवर, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरीवर मेंदी बारीक असेल तर अर्धा पाऊण तास निघतो, जाड असली की कमी. १४० फुटांना दोन बॅटऱ्या लागतात, एक चालू एक चार्जिंगला. म्हणून किंमत बघताना दोन बॅटऱ्या धरून बघा, नुसती बॉडी स्वस्त दिसते आणि बॅटरी चार्जर वेगळे घेतले की आकडा दुप्पट होतो. घरात आधीच कुठल्या कंपनीचं बॅटरीवालं ड्रिल असेल तर त्याच कंपनीचं, त्याच बॅटरीवर चालणारं ट्रिमर घ्या, तिथे खरा पैसा वाचतो.

व्होल्टच्या आकड्यांत फसू नका. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स हे एकच आहे, आत लिथियमच्या पाच पेशींची रांग, चालताना सरासरी ३.६ ने धरलं तर १८ आणि चार्ज भरल्यावर मोजलं तर २० च्या वर. आणि ऑनलाइन ८८व्हीएफ, २८८व्हीएफ असं काहीतरी लिहिलेली स्वस्त मशीन दिसतात ना, ते व्होल्ट नव्हेतच, नुसता आकडा छापलाय. बॅटरी उलटी करून खाली बारीक अक्षरात बघा, किती वॅट अवर आहे, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते. १८ व्होल्ट गुणिले २ एएच म्हणजे ३६ वॅट अवर, ४ एएच असेल तर ७२. तुलना करायची तर हाच आकडा. ज्यावर तो लिहिलेलाच नाही ते मशीन परत ठेवा.

बऱ्याच जणांचा भाऊ नाहीतर मुलगी अमेरिकेत असते आणि तिकडे हेच मशीन सेलमध्ये स्वस्त दिसतं. आणा, पण चार्जर नुसता १२० व्होल्टचा असेल तर इथे लावताच उडेल, इनपुट १०० ते २४० लिहिलंय का बघायला सांगा. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच, आणि १०० वॅट अवरच्या वर असेल तर एअरलाइनची आधी परवानगी लागते. म्हणजे १८ व्होल्टची ४ एएच आरामात येते, ४० व्होल्टवाली मोठी येता येता अडकते. आणि वॉरंटी तिकडचीच, हे लक्षात ठेवून.

बॅटरीला उन्हाळा मानवत नाही. भर मे महिन्यात शेडच्या पत्र्याखाली ठेवू नका, घरात ठेवा, निम्मी चार्ज करून. काम झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावली तर चांगला चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो, बिघडलेला नसतो, थंड व्हायची वाट बघतो. आम्ही पहिल्यांदा तो बदलून आणायला निघालो होतो.

मग घ्यायचं काय. मेंदी ६०-७० फुटांच्या आत असेल, प्लग जवळ असेल आणि ईएलसीबी असेल तर वायरवालं घ्या, वर खर्च करायची गरज नाही. ५० सेंटीमीटरचं पातं पुरतं, ६० ने कड सरळ येते पण अरुंद जागेत गेटच्या खांबाला आपटतं. शंभर दोनशे फूट असेल, किंवा सोसायटीची बाग असेल जिथे लोकं वायर ओलांडून चालणार, लहान मुलं असणार, तर बॅटरीचं, डोळे झाकून. पेट्रोलचं फक्त मोठ्या लांबीला आणि जिथे वर्षभर चालवणारा माणूस आहे तिथे. ३० फूट मेंदी आणि दोन दुरांताचे गोळे एवढंच असेल तर मशीनच्या नादाला लागू नका, लुधियानाच्या फाल्कनची किंवा तसलीच चांगली कात्री आणा, धार लावून वापरा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि घ्यायच्या आधी जो चालवणार आहे त्याच्या हातात द्या. मी दोन्ही वेळा एकटाच जाऊन घेऊन आलो. तिसऱ्या वेळी मामांना घेऊन गेलो, त्यांनी वॅट नाही विचारला, व्होल्ट नाही, मशीन आडवं धरून पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "हे चालंल." दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय सुरू होत नाही हेही त्यांनीच आधी बघितलं, कारण एका हाताने चालणाऱ्या मशीनवर त्यांच्या भाच्याचं बोट गेलंय.

आता ते कापायच्या आधी काठीने मेंदी सगळीकडून हलवतात. आत बुलबुलाचं घरटं असतं, कधी गांधीलमाश्यांचं पोळं, एकदा हरणटोळ साप निघाला होता, हिरवागार, पानात पान. घरटं सापडलं की तेवढा तीन फुटांचा तुकडा तसाच सोडतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या मेंदीला त्यामुळे मधेच एक झुबका होता, येणारे जाणारे विचारायचे हे राहिलं का कापायचं.